हिल्मावहिनीचं खोगीर

कोर्पी लेक, अप्पर मिशिगन
९ ऑगस्ट

टाउनो,

तुझं जहाज या महिन्यात डेट्रॉइट नदीतून खाली जाणार असं म्हणाला होतास, म्हणून हे पाकीट तिथल्या टपालबोटीच्या पत्त्यावर टाकते आहे. बादलीत बसून ते तुमच्या डेकवर येईल तेव्हा आधी हात धू, कारण सोबत वेलचीचा गोड निसू-पाव आहे. खलाशांना वाटू नकोस. वाटलास तर मला सांगू नकोस.

फोन केला असता, पण तूही तुझ्या भावासारखाच, माझ्या एइनोसारखाच. फोनवर 'हं' आणि 'बरं' याच्या पुढे गाडी जात नाही. आणि मला आज खूप बोलायचं आहे.

चार जुलैला सगळे शिकारीच्या कॅम्पवर जमले होते. सॉसेज संपली, बियर संपत आली, आणि कॅम्पचा म्होरक्या म्हणून आर्विडने घसा साफ केला. त्याने घसा साफ केला की कुणाच्या तरी मुळावर येतं, हे एइनो नेहमी म्हणायचा. या वेळी माझ्या मुळावर आलं. म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखा. पंधरा नोव्हेंबरला, हरणांच्या मोसमाच्या पहिल्या दिवशी, जो सलग दोन वर्षं आपल्या जागी शिकारीला बसला नाही, त्याने कॅम्पातला आपला झोपायचा बंक सोडायचा." मग सगळे शहाण्यासारखे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मागच्या वर्षी खांद्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून मी शेगडीपाशी बसून त्या सगळ्यांचे मोजे वाळवले. यंदाही बसले तर माझा बंक ब्रेंटला. ब्रेंट म्हणजे आर्विडचा जावई, तो दात पांढरे करून आलेला. मुलगा वाईट नाही. पण तो गादीची मापं घेत होता रे! मी तिथे बसलेली असताना!

माझी जागा तुला माहीत आहे. बीव्हरच्या तळ्यापलीकडे, सीडरच्या दलदलीत. खाली बसलं तर चार हातांवरचं दिसत नाही, वर चढावंच लागतं. एइनोने बांधलेली लाकडी शिडी वादळात गेली. लोखंडी शिडी बीव्हरच्या बांधावरून ओढत न्यायची म्हणजे खांदा पुन्हा डॉक्टरच्या ताब्यात. रस्त्याकडेच्या ओंडक्यावर बसले तर आर्विड म्हणणार, ही शेगडीच झाली.

मी हरणारी नाही. शिकारीच्या दुकानात हल्लीची पोरं एक खोगीर घेतात. घोड्याचं नव्हे, माणसाचं. कमरेला आणि मांड्यांना जाड पट्टे, पुढे दोर, तो झाडाला, आणि पायाखाली पोळपाटाएवढा पाट. मागे रेलून बसायचं. सगळं मिळून एका पिशवीत मावतं. मी घेतलं. फक्त त्याच्यासोबतचे दोर मला जड वाटतात, दलदलीत भिजले की आणखीच. तू मागे सांगितलं होतंस की तुमच्या जहाजावर पेन्सिलीएवढी बारीक दोरी असते आणि ती लोखंडाच्या तारेला भारी पडते. तसली थोडी पाठव.

बंक माझा आहे, टाउनो. तिथे मी तीस वर्षं थंडीने कुडकुडले आहे.

तुझी,
हिल्मा


जहाज 'एल्मर हॅगन', डुलूथ
२४ ऑगस्ट

वहिनी,

निसू मिळाला. मी एकट्यानेच खाल्ला, आणि आमच्या आचाऱ्याने तोंड फिरवलं आहे. दोन्ही गोष्टींचं मला वाईट वाटत नाही.

आर्विडला माझ्यातर्फे सांग की तो शाळेत होता तेव्हाही नियम स्वतःच करायचा आणि मोडायचाही स्वतःच. ब्रेंटला काही सांगू नकोस. जावई माणूस, त्याला घरीच पुरेसं ऐकावं लागत असेल.

दोरी पाठवतो आहे, करडी, एक मोठं वेटोळं. मी या जहाजावरचा सारंग आहे, त्यामुळे दोरीच्या बाबतीत माझ्यावर विश्वास ठेव. अशी दोरी तू जन्मात पाहिली नसशील. वजन पिसासारखं. पाण्यावर तरंगते, भिजत नाही, कुजत नाही, आणि ताकद अशी की करंगळीएवढ्या जाडीत तुझा ट्रक, त्यात आर्विड, त्यात आर्विडच्या मागची बियर, सगळं उचलेल. आम्ही हिच्यावर जीव टाकतो.

पायऱ्यांसारख्या त्या चढायच्या काठ्या खोडाला बांधायला हिच्यासारखी दुसरी नाही. त्यासाठीच हवी असणार. खांदा जप. बंदूक खालून दोरीने वर ओढ, खांद्यावर घेऊन चढू नकोस.

तुझा दीर,
टाउनो


कोर्पी लेक
६ सप्टेंबर

टाउनो,

दोरी आली. बाई गं, काय सुरेख! माझ्या मागाला लावावी असं वाटलं. मी आजवर जितक्या चिंध्यांच्या सतरंज्या विणल्या त्यातल्या कुठल्याच ताण्याला ही चमक नव्हती. बोटांतून कशी लोण्यासारखी जाते!

तू लिहिलंस की तुम्ही हिच्यावर जीव टाकता. मग मी ठरवलं, काठ्यांना कशाला वाया घालवू? दुकानातला जड दोर काढून टाकला आणि झाडाला मला धरून ठेवणारा मुख्य दोर हिचाच केला. वर एइनोची फासगाठ मारली. तीच, जिने त्याने अख्खं आयुष्य होडी बांधली आणि जी कधी सुटली नाही. मुख्य दोरावर वरखाली सरकवायची ती पकडगाठ असते ना, तीही याच दोरीच्या उरलेल्या तुकड्याची केली. आता सगळा साज माझ्या जॅकेटच्या खिशात मावतो.

आर्विड टपालपेटीपाशी भेटला. "काय हिल्मा, खोगीर घेतलंस म्हणे. लगामही घेतलास का?" मी म्हटलं, "तुझ्यासाठी ठेवलाय, तोंड उघड."

या आठवड्यात सौनाच्या खोलीमागच्या मोठ्या हेमलॉकच्या झाडावर सराव करणार. मग ब्लूबेरीच्या शेवटच्या फेरीला कॅम्पवर जाईन.

हिल्मा


सू लॉक्स
१३ सप्टेंबर

वहिनी,

चढू नकोस.

आधी हे वाच, मग बाकीचं. त्या दोरीवर चढू नकोस. सकाळपासून तुझ्या घरी फोन करतो आहे. वाजतो आणि थांबतो. तू कॅम्पवर असशील, तिथे रेंज नाही, हे मला कळतं. तरी दर तासाला लावतो आहे.

चूक माझी आहे. मी दोरीची फुशारकी मारली आणि तिचे दोष सांगितले नाहीत. ताकद वेगळी आणि भरवसा वेगळा. ही दोरी तुटत नाही, पण ती निसटते. तूच लिहिलंस ना, लोण्यासारखी? लोण्याला गाठ मारतात का? एइनोची गाठ जुन्या खरबरीत दोरावर जन्मभर टिकली, कारण तो दोर स्वतःला धरून ठेवायचा. ही काहीच धरत नाही. तू नुसती बसलीस तरी गाठीचं शेपूट हळूहळू आत सरकत जातं आणि मग एकदम सुटतं. आणि नाही सुटली, तरी गाठीच्या वळणात हिची निम्म्याहून जास्त ताकद मरते.

पकडगाठ तर त्याहून वाईट. दोरीवर दोरी घासली की तापते, आणि हिला उष्णता सोसत नाही. उकळत्या पाण्याच्या आसपासच हिचा जीव जायला लागतो. भरभर सरकली तर वितळेल. आणि ही ताणली जात नाही. दोर ढिला ठेवून तू वीतभर जरी घसरलीस, तरी तो सगळा हिसका तुझ्या कंबरेत आणि त्या खांद्यात बसेल.

हे पत्र मिळताच फोन कर, निरोप दे, काहीही कर. मी एका माणसाला पुरलं आहे या घरातल्या. पुरे.

टाउनो


कोर्पी लेक
१५ सप्टेंबर

टाउनो,

तुझं काही पत्र आलं नाही, म्हणून मीच लिहिते. मी छान आहे. हवा छान आहे. ब्लूबेरी यंदा बेताच्याच मिळाल्या, कारण वाकायचा कंटाळा आला.

हे पत्र मी स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभी राहून लिहिते आहे. खुर्च्या रंगवायला काढल्या आहेत. सगळ्या.

एक सहज विचारायचं होतं. शेजारच्या सेल्माने तिच्या बोकडाला करड्या दोरीने बांधलं होतं, तुझ्या दोरीसारखीच दिसते. तो बोकड फार उंच नाही, घोट्याएवढ्या उंचीवरच होता म्हणजे, आणि दोरी त्याच्या वजनाने सुटली. तो मागच्या बाजूवर पडला. गाठ नीट मारलेली होती, मी स्वतः पाहिली. असं का व्हावं? बोकड बरा आहे. फक्त त्याचा अभिमान दुखावला आहे आणि त्याला शेवाळावर पडल्याबद्दल देवाचे आभार मानायचे आहेत.

उत्तर सावकाश दे. घाई नाही.

हिल्मा


डेट्रॉइट नदी
२७ सप्टेंबर

प्रिय बोकडवहिनी,

फोन लागला नाही, आणि आज तुझं पत्र बादलीतून वर आलं. आधी मी डेकवर बसलो. मग हसलो. मग डोळे पुसले. मग आमचा आचारी विचारायला आला की घरी सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं, "वहिनी पार्श्वभागावर पडली आहे, देवाची कृपा!" तो गोंधळून परत गेला.

सेल्माकडे बोकड नाही. सेल्माकडे मांजर आहे आणि तिला कुणी बांधत नाही.

घोट्याच्या उंचीवर बसून पाहिलंस, म्हणून आज तू खुर्च्या रंगवते आहेस. हे कुणी शिकवलं तुला? ज्याने शिकवलं त्याचे पाय धरावेसे वाटतात. आणि कुणीच शिकवलं नसेल, तर तुझे. आता ऐक. मी तुला दोर तयार करून पाठवू शकतो. पण तू म्हणशील, कुणाच्या हातच्या दोरावर मी बसणार नाही. तू तशीच आहेस. म्हणून सामान आणि रीत दोन्ही पाठवतो.

मुख्य दोर म्हणून पिवळा दोर घे, झाडं कापणाऱ्यांच्या दुकानातून मागवला आहे. बाहेरून विणलेलं कातडं, आत गाभा. जरा जाड, जरा जड. तू कुरकुर करशील. कर. त्यावर पकडगाठ चिकटते, म्हणून तो. पकडगाठीसाठी सोबतची काळी बारीक दोरी, उष्णतेने न वितळणाऱ्या धाग्याची. ती मुख्य दोरापेक्षा बारीकच हवी, तरच आवळते.

करडी दोरी फेकू नकोस. चढायच्या काठ्या आणि पाट बांधायला तीच उत्तम. पण गाठ नाही, सांधा. आणि तू मागावर बसणारी बाई, तुला हा सांधा माझ्यापेक्षा चांगला जमेल. करडी दोरी आतून पोकळ आहे, बघ. तिचं विणकाम दोन्हीकडून एकमेकांकडे ढकललं की तिचं पोट उघडतं. टोकाचा फास कर, शेपूट एकदा दोरीच्या पोटातून आरपार ने आणि दोरी शेपटाच्या पोटातून, म्हणजे ती दोन्ही एकमेकांत अडकतात. मग उरलेलं सगळं शेपूट दोरीच्या आत घाल, लांबच लांब, दोरीच्या जाडीच्या सत्तरपट तरी. टोकाचे धागे एकेक कापून निमुळतं कर. शेवटी सुईदोऱ्याने टाके घाल. आता ओढ. जितकी ओढशील तितकं बाहेरचं विणकाम आतल्याला आवळतं. ओढणाराच पहारेकरी होतो. माझ्या सगळ्या नोकरीत असला सांधा सुटलेला मी पाहिला नाही. गाठ सुटलेली मात्र पाहिली आहे, आणि त्या दिवसाबद्दल मी तुला लिहिणार नाही.

वर बसलीस की दोर डोक्याच्या वर बांध आणि कायम ताणलेला ठेव. ढिला दोर म्हणजे पडण्याची परवानगी. चढताना कमरेचा दोर खोडाभोवती हवाच, एक क्षणही त्याशिवाय राहता कामा नये. दोरी केसाळ झाली, कडक झाली, कुठे चकाकली, तर फेकून दे. उन्हात टांगून ठेवू नकोस. आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा घोट्याच्या उंचीवर. प्रत्येक, वहिनी.

टाउनो


कोर्पी लेक
२० ऑक्टोबर

टाउनो,

सोबतचा तुकडा बघ. तो माझा सातवा आहे. पहिला मी कुत्र्यालाही दाखवला नसता. पण चौथ्याला बोटांना कळलं, आणि मग काय, सतरंजीच्या कडेसारखंच की हे! टाके मी लाल दोऱ्याने घातले आहेत. सुटला की लगेच दिसेल. तुम्हा पुरुषांना हे सुचलं नसतं.

आधी बटाट्याच्या गोण्या टांगल्या. त्या तिथेच राहिल्या. मग मी, घोट्याच्या उंचीवर. मग गुडघ्याच्या. मग मी सौनाच्या छपराच्या वर होते, टाउनो, आणि मला वरून सेल्माचं मांजर दिसत होतं! मागे रेलले, दोर टणक, पाय पाटावर, खांद्यावर रत्तीभर भार नाही. सगळं वजन कंबरेने घेतलं. मी तिथेच हसत बसले. सहासष्टाव्या वर्षी कुणी बघत नसताना झाडावर हसत बसायला फार बरं वाटतं.

पण बघत होतं. आर्विड आणि ब्रेंट ट्रक थांबवून खाली उभे. ब्रेंट म्हणाला, "आजी, झोका द्यायला येऊ का?" मी म्हटलं, "ये, पण आधी तुझा दोर दाखव." कारण तोही यंदा खोगीर घेऊन बसणार आहे. आर्विडच्या जुन्या जागेवर, कड्यालगतच्या मेपलवर. त्याने खिशातून काढलं. टाउनो, काय पाहिलं सांगू? तीच दोरी. लाल रंगाची, पण तीच, आणि तिला गाठ. पोरगा रात्रंदिवस सामानाचं वजन कमी करत असतो. त्याने दातघासणीचा दांडासुद्धा कापला आहे म्हणे. मी सांगितलं, ही निसटेल. तो म्हणाला, "आजी, पाकिटावर छापलंय, हिला घोडा टांगला तरी चालतो." आर्विड म्हणाला, "तू तुझं सांभाळ, हिल्मा. पंधराला बघू."

मी सांभाळीनच. पण तेव्हापासून मला झोप लागत नाही.

हिल्मा


कॅम्प
१८ नोव्हेंबर

टाउनो,

खूप लिहायचं आहे. बस.

चौदा तारखेच्या दुपारी सगळे कॅम्पवर पोहोचले. बंदुका पुसणं, पास्ट्या, त्या मांसाच्या करंज्या, गरम करणं, तेच ते नेहमीचे खोटेनाटे किस्से. ब्रेंट अंगणात आपली लाल दोरी मिरवत होता. माझ्या मनात काय आलं ते तुला खरं सांगते. मनात आलं, गप्प बस हिल्मा. तुझं काम तू केलंस, सांगून झालं. पोराला कड्यावरून पडू दे असं नव्हे रे. पण त्याने दुसऱ्या दिवशी जंगलात जाऊ नये, त्याची फजिती व्हावी आणि बंकाची भाषा संपावी, एवढं मात्र वाटलं. असं काही मनात आलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल.

मग त्याची बायको खिडकीतून दिसली. सहाव्या महिन्यात आहे. पास्टीचं पीठ मळत होती.

मी बाहेर गेले आणि म्हटलं, "ब्रेंट, झाडावर उद्या चढ. आज इथे बस. या बर्चच्या झाडाला, घोट्याच्या उंचीवर. बसून दाखव आणि मी आयुष्यभर तुझे मोजे वाळवीन." सगळे बाहेर आले. त्याला नाही म्हणता येईना. त्याने दोर बांधला, खोगीर अडकवलं, मागे रेलला आणि हात पसरून म्हणाला, "बघा!" मी गाठीकडे बघत होते. शेपूट आत जात होतं. अगदी हळू, गोगलगाय शिंग आत घेते तसं. "ब्रेंट, ऊठ," मी म्हटलं. तो म्हणाला, "का, मोजे वाळवायचे नाहीत?"

आणि धप्प.

बर्फात पाय वर. सगळा कॅम्प हसला. मी नाही हसले, माकडहाडाचं दुखणं मला माहीत होतं. आर्विडही हसला नाही. तो कड्याकडे बघत होता, मेपलकडे, आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्याने ती सुटलेली लाल दोरी उचलली, बोटांतून ओढली आणि आत जाऊन शेगडीत टाकली.

माझ्याकडे तुझ्या पिवळ्या दोराचा दुसरा तुकडा होता, सवडीने कापून ठेवलेला, काळ्या दोरीसकट. तो ब्रेंटला दिला. काठ्यांसाठी माझे दोन सांधेही दिले. पोरगा म्हणाला, "आजी—" आणि मग थांबला आणि म्हणाला, "हिल्मा, हे लाल टाके कशाला?" मी त्याला शिकवलं. त्याला पटकन येतं रे. मग तो स्वतःहून बर्चपाशी गेला आणि पुन्हा घोट्याच्या उंचीवर बसला. या वेळी तो तिथेच राहिला.

पंधराला पहाटे मी बीव्हरच्या बांधावरून गेले. पिशवी पाठीवर होती की नाही हे दोनदा चाचपून पाहिलं, इतकी हलकी. कमरेचा दोर खोडाभोवती टाकला, काठी बांधली, चढले, पुढची बांधली, चढले. मुख्य दोर डोक्यावर, ताणलेला. खाली दोरी सोडून बंदूक ओढून घेतली. मग बर्फ पडायला लागला आणि सगळी दलदल माझी झाली.

दोन माद्या आल्या, गेल्या. मग काहीच नाही. पाय गारठले. मग मागून, झाडाच्या चुकीच्या बाजूने, मला पाण्यातलं पाऊल ऐकू आलं. शिडीवर बसलेली असते तर संपलं होतं. वळले असते तर लाकूड करकरलं असतं. पण मी पायाने खोडाला अलगद रेटा दिला आणि दोरावर टांगून झाडाभोवती फिरले, पूर्ण उलट्या बाजूला, आवाज न करता. तो तिथे उभा होता. आठ टोकांची शिंगं, मान ही एवढी जाड. मी दोरावर झुकले, कोपर गुडघ्यावर टेकवलं आणि श्वास सोडला.

एक गोळी, टाउनो. तो तिथेच बसला.

मी ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही, तुझ्या आईला आवडलं नसतं. मग झाडाला मिठी मारून रडले. तुझ्या भावाला हाक मारली. त्याने उत्तर दिलं नाही, पण मला त्याची गरजही वाटली नाही, आणि याचंच मला आणखी रडू आलं.

ओढायला आर्विड आणि ब्रेंट आले. बीव्हरच्या बांधावर आर्विड गुडघ्यापर्यंत आत गेला तरी त्याने कुणालाही शिव्या दिल्या नाहीत. निघण्याआधी तो माझ्या झाडाखाली उभा राहिला, हात वर करून काठीच्या सांध्याला अख्ख्या वजनाने लोंबकळला आणि म्हणाला, "धरतो." एवढंच.

संध्याकाळी गावच्या चौकात, दरसालच्या रिवाजाने, सगळ्या कॅम्पांनी मारलेले नर खांबाला टांगले. यंदा आमचा सगळ्यांत मोठा. माईकवरचा माणूस म्हणाला, "रौतिओ कॅम्प, एइनोच्या मिसेसनी मारलेला." आर्विडने गर्दीतून जी आरोळी दिली ती सगळ्या गावाने ऐकली. "तिला नाव आहे! हिल्मा! हिल्मा रौतिओ! नीट वाच!" माणसाने नीट वाचलं. दोनदा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी हॉर्न दिला, सेल्माने माझी टोपी हवेत फेकली आणि ती अजून सापडलेली नाही.

बंकाचा प्रश्न कुणी काढलाच नाही. दुसऱ्या दिवशी ब्रेंट लाकूड घेऊन आला आणि त्याने माझ्या बंकावर एक नवा बंक ठोकला, स्वतःसाठी. आर्विडने खिळे धरले. पोरगा वर चढतो तेव्हा खाट माझ्यावर करकरते. मी त्याला म्हटलं, "हा जोड तरी नीट केलास का?" तो म्हणाला, "आधी घोट्याच्या उंचीवर झोपून पाहिलंय." 

मांस पाठवते आहे, गोठवलेलं. या वेळी खलाशांना वाट. सगळ्यांना. आणि त्यांना सांग कुणी मारलं ते.

हिल्मा रौतिओ


सुपीरियर सरोवर
२ डिसेंबर

वहिनी,

तुझं पत्र मी जेवणघरात उभा राहून मोठ्याने वाचलं. 'धप्प'पाशी आचाऱ्याने टेबल बडवलं. झाडाभोवती फिरलीस तिथे कुणी चमचासुद्धा हलवला नाही. आर्विडच्या आरोळीनंतर आमचा इंजिनखोलीतला माणूस, जो ख्रिसमसलाही हसत नाही, तो नाक शिंकरायला बाहेर गेला.

मांस मी स्वतः तव्यावर केलं, कांदा आणि लोणी घालून. सगळ्यांना पुरलं. शेवटचा तुकडा मी वर सुकाणूघरात कॅप्टनला नेऊन दिला आणि सांगितलं कुणी मारला आहे, कुठे, आणि कशावर बसून. त्याने सावकाश खाल्ला. मग विचारलं, "कोर्पी लेक इथून कुठल्या बाजूला?" मी हात करून दाखवला. दक्षिणेला, क्षितिजाच्या पलीकडे, नुसतं धुकं.

त्याने भोंग्याची दोरी धरली. तीन लांब, दोन आखूड. वहिनी, ही सलामी आम्ही मोठ्या कॅप्टनांना देतो, निवृत्त होणाऱ्यांना, बुडालेल्या जहाजांना. सगळा डेक थरथरला. दूरच्या एका जहाजाने रेडिओवर विचारलं, "हॅगन, कुणाला सलामी? इथे तर कुणीच नाही."

कॅप्टनने माईक माझ्या हातात दिला. मी सांगितलं, "हिल्मा रौतिओला."

क्षणभर रेडिओ खरखरला. मग त्या जहाजानेही भोंगा दिला. तीन लांब, दोन आखूड.

तुझा,
टाउनो